परदेशातला श्रोता इतका कच्चा नाही

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे एकच वाद पेटलाय. पुण्याचा एक गायक युरोपच्या दौऱ्यावर निघालाय आणि त्याने मैफल सव्वा तासात बसवलीय. विलंबित पूर्ण गाळलं, गिटार आणि ड्रम्स घेतले. निम्मे म्हणतात, गाणं बाटवलं. निम्मे म्हणतात, काळाप्रमाणे बदलावं लागतं. मला दोन्ही बाजूंचा राग आला, कारण एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरलीय: परदेशी माणसाला विलंबित झेपत नाही.

कोणी सांगितलं?

मी जपानात, ओसाकाजवळच्या ताकात्सुकीत राहते. इथलं दरबारी संगीत, गागाकू, इतकं संथ आहे की आपला विलंबित ख्याल त्यापुढे चपळ वाटावा. 1959 मध्ये राजवाड्यातले वादक अमेरिकेला गेले, न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या रंगमंचावर आणि संयुक्त राष्ट्रांत त्यांनी कला सादर केली. लोकांना झेपावं म्हणून सोबत ड्रम्स नेले नव्हते. फ्रेंच संगीतकार मेसियाँ 1962 मध्ये जपानला येऊन हे संगीत ऐकून गेला आणि त्याने आपल्या ‘सेत हायकाई’ या रचनेत आठ व्हायोलिनांना ‘शो’ या बांबूच्या नळ्यांच्या फुंकवाद्याची जागा दिली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 2006 पासून विद्यार्थी ही वाद्यं हातात घेऊन शिकताहेत. जपानी संगीतकार हिदेमारो कोनोए यांनी ‘एतेनराकू’ ही गागाकूतली रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बांधली होती आणि वाद्यवृंद-संचालक स्टोकोव्स्कींनी ती अमेरिकेत वाजवली होती, हे मला माहीत आहे. ती बांधणी चांगलीच आहे. पण पुढच्या पिढ्या शिकायला बसल्या त्या मूळ वाद्यांपाशी.

मीही बसते. जवळच्या जिंजात, म्हणजे शिंतो देवळात, आमचा वर्ग भरतो, मी हिचिरिकी शिकते. बांबूचं वीतभर वाद्य, पण आवाज आपल्या सनईसारखा सगळ्यांवर चढणारा. वाजवण्याआधी त्याची पत्ती ग्रीन टीमध्ये भिजवायची, साध्या पाण्यात नाही. ही पत्ती ज्या नळाच्या गवताची होते, ते उत्तम प्रतीचं गवत आमच्याच गावात, योदो नदीकाठी उदोनोला उगवतं. मध्यंतरी तिथल्या वाळक्या गवताची दरवर्षीची जाळणी चुकली आणि वेलींनी नळाचा जीव घोटला. तेव्हा लोकांनी चिखलात उतरून त्या वेली हातांनी उपटल्या. शिकवणंही आपल्यासारखंच तोंडी. वाद्य बाजूला ठेवून मांडीवर हात आपटत ‘ची रा रो रु रो’ म्हणायचं, ते अंगात भिनलं की मगच फुंकर. तबल्याचे बोल घोकलेल्या माणसाला यात काहीही परकं वाटत नाही.

ग्रुपवर मला सांगायचं होतं ते याच्याही मागचं. गागाकूतलं पुष्कळसं संगीत मुळात जपानचं नव्हेच. ते चीन आणि कोरियातून आलं, काही नृत्यं चंपा या आजच्या व्हिएतनाममधल्या जुन्या राज्याच्या बाजूने आली. 736 मध्ये बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू इथे पोचले आणि 752 मध्ये नाराच्या महाबुद्धाचे डोळे त्यांच्या हातून रेखले गेले. त्या सोहळ्यात देशोदेशीचे वादक आणि नर्तक होते. तेव्हा परदेशी श्रोता म्हणजे जपानी माणूस! तांग दरबारातलं संगीत चीनमध्ये लोपलं, या श्रोत्याने मात्र ते आपल्या परीने आजवर वाजवत ठेवलं. शतकांत ते बदललं असेल, मूळच्यापेक्षा संथही झालं असेल, पण टिकलं. दूरच्या माणसाच्या हाती चोथा ठेवला असता तर त्याने काय जपलं असतं?

हे सगळं मी लिहिलं. त्यावर एका मैत्रिणीचं उत्तर आलं, ‘अगं, तू आता तिकडचीच झालीस, तुला इथलं काय कळणार?’

ते फार लागलं. गायकाच्या सव्वा तासापेक्षा जास्त लागलं. पुण्याच्या लेखी मीच आता तो परदेशी श्रोता, ज्याला थोडक्यात उरकून द्यायचं. आणि इथे एवढी वर्षं काढूनही वर्गात नवीन कोणी आलं की माझ्याकडे बघून आधी विचारतं, ‘हाशी (जेवायच्या काड्या) वापरता येतात का?’ दोन्हीकडे मला अर्धंच वाढायचं ठरलेलं. म्हणून मी इतकी चिडले, हे मला कबूल आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

मागे एकदा वर्ग संपल्यावर मी किशोरीताईंचा एक विलंबित ख्याल लावला, न कापता. कोणी उठलं नाही. शो वाजवणाऱ्या आजी आपलं वाद्य हीटरवर फिरवत होत्या. श्वासाची वाफ आत धरली तर पात्या नीट वाजत नाहीत, म्हणून ते सतत शेकावं लागतं. बंदिश संपल्यावर त्यांनी तानपुऱ्याबद्दल विचारलं: गाणारी थांबली तरी तो का थांबत नाही? मी सांगायच्या आधी त्याच म्हणाल्या, आमचा शोही तसाच, श्वास घेतानाही वाजतो आणि सोडतानाही. मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

त्या गायकाने ओसाकाला जरूर यावं. हॉल मी बघते, आमचा सगळा वर्ग तिकीट काढून येईल. फक्त विलंबित घेऊन यावं, पूर्ण.