चॅनेल 1, 2, 3, 4 लावा म्हणे!

तारकर्लीला मामांचं होमस्टे आहे. परवा ऐन गर्दीत त्यांचा फोन, "वायफाय पार झोपलां, पावणे बोंबलतत." काय केलंत विचारलं तर होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज पाठवला, 'वायफाय रॉकेट करा, 5 सेटिंग्ज'. तुमच्याकडेही आला असेलच. चुकीचं आहे म्हटलं तर वर मलाच, "ग्रुपवर इलां म्हणजे खरांच आसतलां."

तर पहिली सेटिंग, जिने वाट लावली: 'प्रत्येक राऊटरला वेगळा चॅनेल द्या, 1, 2, 3, 4, म्हणजे टक्कर नाही.' अहो, चॅनेल म्हणजे राऊटर ज्यावर बोलतो ती रेडिओची पट्टी. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजारच्या दोन चॅनेलमधलं अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झ, आणि सिग्नलची रुंदी कमीत कमी 20. हे मी नाही म्हणत, ज्यावर अख्खं वायफाय चालतं त्या आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या 802.11 स्टँडर्डमध्येच आहे. 1 पासून 4 पर्यंत मिळून अंतर 15, म्हणजे मामांचे चारही राऊटर एकमेकांच्या उरावर. त्यापेक्षा चारही एकाच चॅनेलवर असते तरी बरं, कारण तेव्हा एकमेकांचं ऐकू येतं आणि पाळी पाळतात. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, बघितलीय ना, एक बुवा गातो तेव्हा दुसरा गप बसतो, वेळ जातो पण भजन कळतं. 1, 2, 3, 4 म्हणजे चार बुवा एकदम सुरू, प्रत्येकाला दुसऱ्याचा नुसता गोंगाट. म्हणून 1, 6, 11 च, त्यांच्यात 25 चं अंतर पडतं; 'वेगवेगळे द्या' एवढंच त्यातलं खरं, पण कुठले ते कोण सांगणार?

'पॉवर फुल करा.' राऊटर ओरडेल हो, पण पाहुण्याच्या खिशातल्या फोनचा आवाज चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडून परत कसा येणार? शिवाय कुठल्या राऊटरला चिकटायचं ते फोन ठरवतो. मागच्या खोलीत गेला तरी पडवीतल्या राऊटरला सोडत नाही, दांडे फुल आणि रील मात्र फिरतंय गोल गोल.

'40 मेगाहर्ट्झ करा, स्पीड डबल.' म्हणजे सिग्नलची रुंदी 20 ची 40. अहो, 2.4 चा सगळा पट्टाच 83 मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यात दोघांनी 40-40 घेतले की संपला. ते वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर करा.

'13 नंबर सीक्रेट चॅनेल.' कसलं सीक्रेट, भारतात चालतोच. पण अमेरिकेतून आणलेल्या बऱ्याच फोनना 11 च्या पुढचं दिसतच नाही, मग तो पाहुणा रिव्ह्यूत एक स्टार देणार.

'ऑटो बंद करा', म्हणजे राऊटरला स्वतः चॅनेल निवडू देऊ नका. हे, नाइलाजाने, अर्धं मान्य. आपले साधे सुटे राऊटर बहुतेक चालू होतानाच चॅनेल बघतात, आणि लाईट जाऊन आली की चारही एकदम उठतात, मग कोण कुठे बसेल नेम नाही. कंट्रोलरवाला सेट, म्हणजे सगळे राऊटर एकाच जागेवरून चालवणारा, असेल तर तो सगळ्यांकडे बघून चॅनेलचं वाटप करतो, तिथे हात लावू नका.

मामांना फोनवरूनच पडवी 1, मधली खोली 6, मागची 11 करायला लावलं. चौथा माडांकडचा, पडवीपासून सगळ्यात लांब, त्याला परत 1 आणि पॉवर कमी. रात्री मेसेज आला, "चलता." त्याच्याखाली पाच मिनिटांत नवीन फॉरवर्ड, राऊटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावा.