नाक नसलेला बाळकृष्ण

गेल्या रविवारी आमच्या पणजीचा बाळकृष्ण नळाच्या तोट्यांबरोबर वजनकाट्यावर चढला. चारशे दहा ग्रॅम भरला. "मोडीत घेतो," दुकानदार म्हणाला. वर, "देव आहे म्हणून दहा रुपये जास्त लावतो," असा उपकारही केला. मला ते अजून पचलेलं नाही.

कारण थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर मागे आमचं देवघर दिसलं आणि त्याच्या मनात एकदम भक्ती उगवली. "दादा, तो बाळकृष्ण अँटिक असेल तर वाटणीत धरायला हवा ना? कार्बन डेटिंग करून घे." मी त्याला सांगितलं, बाबा रे, पितळेचं कार्बन डेटिंग होत नाही. पोकळ मूर्तीच्या पोटात ओतकामाची माती राहिली असेल, तर त्या मातीवरून ती मूर्ती कधी ओतली याचा अंदाज काढतात. आमचा बाळकृष्ण भरीव आहे. "मग एखाद्या जाणकाराला दाखव," तो म्हणाला आणि झोपायला गेला. त्यांच्याकडे रात्र होती.

म्हणून मी बाळकृष्णाला आईच्या जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून जुन्या बाजारात गेलो. बुधवार-रविवार भरतो तो, आपल्या पुण्यातला. आईला सांगितलं नव्हतं.

दुकानदारानं देव हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि तोंड वाकडं केलं. "पॉलिश मारलंय."

"पॉलिश नाही हो. चिंच लावून घासतात."

"तेच ते. जुनं कसं काळं पाहिजे, हिरवं पाहिजे. हा तर काल ओतल्यासारखा चमकतोय. आणि नाक कुठाय?"

"झिजलं."

"म्हणजे डिफेक्ट."

इथे एक गृहस्थ प्रकटले. सफारी, डोक्यावर माकडटोपी (दुपारचे बारा, मे महिना), हातात मिक्सरच्या भांड्याचं झाकण. त्या मापाचं भांडं शोधत ते सकाळपासून बाजार पालथा घालत होते. म्हणजे झाकणाला भांडं शोधत होते, भांड्याला झाकण नव्हे. हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

"खडकीला बत्तीस वर्षं ओतकामात काढली," ते म्हणाले. "आणा इकडे." झाकण माझ्या हातात दिलं आणि देव माझ्याकडून घेतला. आधी वास घेतला. मग नखानं टिचकी मारून कानाशी धरला. मग, मी काही बोलायच्या आत, बाळकृष्णाच्या पाठीला जीभ लावली.

"अहो!"

"थांबा." डोळे मिटून ते चव जोखत राहिले. चहाची चव घेणारे घेतात तशी. "जस्त बेताचं आहे. किती जुना म्हणता?"

"आमच्या पणजीनं माहेराहून आणलेला."

"पणजी केव्हाच्या?"

"लग्न एकोणीसशे अठराच्या सुमारास."

"लग्न कधी झालं ते नाही विचारलं. हा त्यांनीच आणला हे कुणी पाहिलं?"

आता याला मी काय उत्तर देणार? आमच्यात मुलीला सासरी जाताना अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात. त्यामुळे देवघरात पिढीगणिक एकेक बाळकृष्ण साठत जातो. आमच्याकडे चार आहेत. "चारांतला हाच पणजींचा कशावरून?" त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. एव्हाना भोवती सात-आठ माणसं जमली होती. त्यातला एकजण उगाचच "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होता.

मी सांगितलं, नाकावरून. पणजीच्या बाळकृष्णाला नाक नाही, डोळे अंदाजानं आहेत आणि हातातला लोण्याचा गोळा शेंगदाण्याएवढा उरलाय. आजीच्याचं नाक अर्धं आहे. आईच्याचं नाक शाबूत, भुवया गेल्या. बायकोचा शहाण्णव सालचा, त्याला सगळं आहे, गालावर खळीसुद्धा. कारण आमच्याकडे आता देव वर्षातून दोनदा पावडरीनं पुसतात. पणजी दर एकादशीला चिंच-राखुंडी घेऊन बसायची. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात तशी आमच्या घरात नाकं मोजतात.

गृहस्थ पहिल्यांदाच गप्प झाले. देव उलटा करून, चष्मा काढून त्याचंच भिंग करून त्यांनी तळ पाहिला. "कानस हातानं मारलीय," ते पुटपुटले. "हे बघा, ओरखडे सगळे वेगवेगळ्या तिरप्यात. मशिनचे असते तर एका वळणाचे आले असते. आणि झीज बघा. नाक, गुडघे, कोपर, सगळं वर आलेलं झिजलंय. काखेत, मांडीच्या खाचेत नक्षी आहे तशी आहे. खोटं झिजवणारा सगळीकडे सारखं झिजवतो. त्याला कुठं वेळ असतो पन्नास वर्षं एकाच नाकावर बोट फिरवायला?"

खरं सांगतो, मला भरून आलं.

दुकानदाराला मात्र हे मानवलं नाही. त्यानं खालून एक गणपती काढला. हिरवागार. शेवाळलेल्या विहिरीतून आत्ताच वर काढल्यासारखा. "याला म्हणतात जुनं. पेशवेकालीन. अठरा हजार." गृहस्थांनी अंगठा ओला केला आणि गणपतीच्या पोटावरून फिरवला. अंगठा हिरवा झाला.

"देवाला घाम येतो," दुकानदार म्हणाला.

"मीठ, व्हिनेगर आणि अमोनियाची वाफ. आठवड्याभरात हवे तेवढे पेशवे निघतात." गृहस्थांनी अंगठा सफारीला पुसला. त्यांना तो डाग घरी कसा समजावून सांगता आला असेल याची मला अजून काळजी आहे.

तरीही बोली लागली ती गणपतीवर. "बरोबर आहे"वाल्यानंच लावली. म्हणजे मीठ-व्हिनेगरचं म्हातारपण अठरा हजारांना, आणि ज्या घरानं शंभर वर्षं घासून घासून देवाचं नाक घालवलं त्या घरचा देव मोडीत. जुनेपणा म्हणजे घाण, अशी या बाजाराची व्याख्या आहे. ज्यांनी वस्तू सांभाळली त्यांनी ती पुरून ठेवायला हवी होती, असंच हे लोक सुचवतात. नुसतं बोलूनही भागलं नाही, म्हणून दुकानदारानं बाळकृष्ण उचलून काट्यावर ठेवला. तोट्या काढल्यासुद्धा नव्हत्या. त्या नंतर वजा केल्या.

या बाबतीत पोर्तुगीज बरे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशीच एक घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल ओतलेलंच आहे. वाद मिटला. आपण साल घालतो ते कुठे, तर भांड्यांवर. आमच्या घरी एका वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी "चि. सौ. कां. हिस आत्याकडून, ता. ४-५-६३" असं लिहिलंय. आमटीच्या वाटीची जन्मतारीख ठाऊक आहे, देवाची नाही.

घरी आल्यावर आईला कळलंच. ब्लाउजपीसला तोट्यांचं ग्रीस लागलं होतं. "कुणी जीभ लावली?" हे तिनं तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा आवाज वाढवत. मग बाळकृष्णाला पंचामृताचं स्नान झालं आणि नंतर चिंच आली. मी म्हटलं, आई, हळू, उरलेसुरले डोळे जातील. ती म्हणाली, "त्याला दिसतंय सगळं."

रात्री भावाचा फोन आला. "दादा, काय म्हणाले? जुना आहे?"

"शंभरच्या वर," मी म्हटलं.

"वा! मग डिसेंबरात येतोय, तेव्हा इकडे घेऊनच..."

मग मी त्याला १९७२ सालचा पुरावस्तूंचा कायदा सांगितला. शंभर वर्षं झालेली मूर्ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९७६पासून अंमल चालू आहे. तिकडे जरा वेळ शांतता होती.

"नव्व्याण्णव असू शकतं का रे?" त्यानं विचारलं.

मिक्सरचं झाकण माझ्याकडेच राहिलंय. आमच्या एकाही भांड्याला बसत नाही. बुधवारी परत करायला जायचं आहे, पण त्या दुकानासमोरून जावं लागतं.