काही काम नव्हतं, सहज

गेल्या जूनमधली गोष्ट. कर्वे रोडवर रिक्षात अडकलो होतो, पाऊस होता आणि पुढे काही हलत नव्हतं. का कोण जाणे, शाळेतल्या मित्राची आठवण आली आणि फोन लावला. (नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. ओळखणारे ओळखतीलच.)

त्यानं उचलला आणि पहिलंच वाक्य, "बोल रे, काय काम काढलंस?"

मी गडबडलो. काम काहीच नव्हतं. पण "सहज केला" म्हणायची इतकी लाज वाटली की तोंडातून निघून गेलं, "तुझ्या ओळखीत कोणी दाताचा डॉक्टर आहे का रे?" त्यानं लगेच नंबर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन, "दाढ कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी म्हणाला, "रूट कॅनल सांगितलं तर घाई करू नकोस, दुसऱ्या डॉक्टरला दाखव." माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, आणि हा बाबा माझ्या दाढेच्या काळजीत.

शेवटी रविवारी सहकारनगरला त्याच्या घरी गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. तो ओट्यापाशी वाटीच्या बुडानं आलं ठेचत होता. मागे न बघता म्हणाला, "गाढवा, मग तसं सांगायचं." आणि चहा गाळता गाळता, दूध महागलंय म्हणावं तसं सांगितलं, की दिवाळीच्या आधी त्याची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट.

आठ महिने झाले होते. कोथरूडहून सहकारनगर किती लांब? ट्रॅफिक धरून पाऊण तास. मला पत्ता नाही. घरी येऊन ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं, तर त्याच आठवड्यात त्यानं आकाशकंदिलाचा फोटो टाकला होता आणि मी त्यावर अंगठा दिला होता. "कळवलं का नाहीस?" असं विचारलं होतं तेव्हा म्हणाला, "ग्रुपवर काय टाकायचं, ईसीजी?"

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण एकमेकांना कामाशिवाय भेटणं सोडलंय. लग्न, मुंज, वास्तुशांत, एकसष्टी, दहावा याला जातो, पाकीट देतो, मठ्ठा-जिलबी खातो, "भेटलं पाहिजे रे एकदा" म्हणतो आणि पार्किंगमधून गाडी काढतो. पण नुसतं जाऊन बसणं, तेवढं गेलं.

यावर कोणी म्हणेल, वाडे गेले आणि सगळं संपलं. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलोय, त्यामुळे मला हे रडगाणं फारसं पटत नाही. माझ्या आईसमोर कोणी वाड्याचं कौतुक काढलं की ती म्हणते, "नळावरच्या रांगेत तुम्ही उभे होतात का?" सामायिक संडास, भिंतीला कान, कोणाच्या घरी काय शिजलं याची चौकशी. फ्लॅटचं दार लावून घेण्यात सुख आहे आणि ते मला हवंय. पण वाड्यात एक गोष्ट आपोआप व्हायची, ती आता ठरवून करावी लागते, आणि आपण ती ठरवत नाही.

वडील सांगायचे तो किस्सा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वडिलांना तेव्हा नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. आमच्या दोन खोल्यांत चिखलाशिवाय काही उरलं नाही. सगळं बिऱ्हाड कॅम्पात त्यांच्या एका मित्राकडे गेलं आणि एकोणीस दिवस राहिलं. आजी त्या घरच्या काकूंचं लुगडं नेसून स्वयंपाकाला लागली म्हणे. मी एकदा विचारलं, तुमची इतकी जवळीक कशी? वडील म्हणाले, "काही नाही रे, ऑफिस सुटल्यावर रोज चहा प्यायचो." रोज, दोन वर्षं, एक कटिंग दोघांत. पाणी चढायला लागल्यावर मैत्री करायला कोणाला वेळ होता? ती त्या कपबशांमध्ये आधीच झालेली होती.

हार्वर्डचा एक अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकला असेल. १९३८ साली सुरू झाला. काही हार्वर्डचे विद्यार्थी आणि काही बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली मुलं, मिळून ७२४ जण, आणि त्यांच्या मागे संशोधक आयुष्यभर लागले. सध्याचे संचालक रॉबर्ट वाल्डिंगर हे चौथे, म्हणजे अभ्यास करणारेही तीनदा बदलले. ऐंशीव्या वर्षी कोणाची तब्येत ठणठणीत असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांवरून चांगला बांधता आला, असं त्यांना आढळलं. आता हे सगळे अमेरिकेतले गोरे पुरुष, त्यावरून सदाशिव पेठेचं भविष्य सांगू नये हे मलाही कळतं. मला आवडला तो त्यातला दुसरा भाग. म्हातारी जोडपी दिवसभर कुरकुर करत असली तरी चालतं, वेळेला हा माणूस आपल्यासाठी उभा राहील एवढी खात्री असली की पुरे. हे वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, मग आपण शंभरी गाठणार.

आणखी एक आकडा मात्र मनाला जास्त लागला. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलं, की ओळखीच्या माणसाचा जिवाभावाचा मित्र व्हायला साधारण २०० तास एकत्र घालवावे लागतात. एका ऑफिसात शेजारी बसल्याचे तास त्यात फारसे कामाला येत नाहीत. मी हिशेब केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज आठ तास उंडारायचं, २५ दिवसांत मित्र तयार. आज आठवड्याला दोन तास काढले तर जवळजवळ दोन वर्षं. आणि आम्ही काढतो वर्षाला एक गेट-टुगेदर, त्यातही निम्मा वेळ फोटोत.

घरातही तेच. चिंचवडची ताई रोज पावणेनऊला फोन करते आणि विचारते, "जेवलास का?" बावन्न वर्षांच्या माणसाला काय विचारायचं हे! मी "हो" म्हणून ठेवून द्यायचो, जेवलेलो नसलो तरी. आता सांगतो, भेंडीची भाजी होती, जरा चिकट झाली. मग ती भेंडी कशी पुसून घ्यावी यावर पाच मिनिटं बोलते आणि त्या पाच मिनिटांत मला तिच्या गुडघ्याचं, सुनेच्या नोकरीचं, सगळं कळतं. सरळ विचारलं तर "सगळं मजेत" एवढंच मिळतं.

तर दर गुरुवारी संध्याकाळी तो शाळेतला मित्र आणि मी तळजाईच्या टेकडीवर जातो. त्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. विषय काही नसतो. मागच्या गुरुवारी पाऊण तास आम्ही गणिताच्या बाईंच्या सायकलचा रंग हिरवा की निळा यावर वाद घातला. (निळा.)

चढावर त्याला दम लागतो, पण थांबू या म्हणणार नाही, तो त्याचा स्वभाव. म्हणून मी थांबतो. वाकून बुटाची नाडी बांधायला घेतो, तोवर तो श्वास घेतो आणि मोर दिसतोय का बघतोय असं दाखवतो. तीन महिने हे बिनबोभाट चाललं होतं. परवा वाकलो, तर वरून आवाज आला, "आज वेल्क्रोचे बूट घालून आलायस."