विन नको, प्लेस लावा

निवडणुकीवर पैसे लावायचेत? मग भाऊबीजेचा मुहूर्त साधा. मेहुणा आपल्या पायांनी घरी येतो, पाटावर बसतो, ओवाळून घेतो, ताटात दोन हजार टाकतो आणि करंजी तोंडात असतानाच मोबाईल काढून विचारतो, "दाजी, बिहारचं काय वाटतं?" अशा वेळी शहाणा माणूस उठून फराळाचे डबे आवरायला लागतो. मी म्हणालो, "दाखव बघू." तर, बारा हजारांची फी भरून मिळालेलं ज्ञान तुम्हाला फुकट देतोय, नीट वाचा.

पहिल्यांदा शब्द सुधारा. सट्टा, मटका, आकडा असलं काही तोंडातून काढू नका. याला 'प्रेडिक्शन मार्केट' म्हणायचं. कुठला पक्ष कितव्या नंबरावर येणार, त्या प्रत्येक नंबराचा शेअर असतो, भाव शून्य ते एक डॉलरच्या मधे. ६० सेंटला घेतलात आणि खरा निघाला तर डॉलर हातात, खोटा निघाला तर भोपळा. ६० सेंट म्हणजे ६० टक्के शक्यता, म्हणजे समूहाचं शहाणपण, असं मेहुणा सांगतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे सासरे, कॅम्पातल्या रेसकोर्सवर दर पावसाळ्यात हेच करायचे. फक्त ते त्याला शहाणपण म्हणत नसत, आणि सासूबाई तर मुळीच म्हणत नसत.

पहिल्या नंबरावर लावू नका. ते कुणीही लावतं. "खरा पैसा दुसऱ्या-तिसऱ्यात आहे, दाजी." रेसवाल्यांची 'प्लेस' बरी, घोडा पहिल्या दोन-तिनांत आला की पैसे सुटतात. इथे दुसरा म्हणजे दुसराच. आम्ही लावलं 'राजद दुसरा'वर, म्हणजे लालूंचा पक्ष.

कायद्याची चिंता नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे मला चकलीबरोबर समजलं. व्हीपीएन म्हणजे आपण कुठून खेळतोय ते लपवायची युक्ती, हे चहाबरोबर.

बायकोपासून लपवू नका. ती त्याची बहीण आहे, तिला आधीच माहीत असतं.

आता अभ्यास. अभ्यासाशिवाय पैसे लावतो तो जुगारी. २०२४ साली अमेरिकेत ट्रम्पवर कोट्यवधी डॉलर लावून जिंकलेल्या एका फ्रेंच माणसाने म्हणे स्वतःच्या खर्चाने पाहणी करून घेतली होती. 'तुम्ही कुणाला मत देणार' एवढ्यावर थांबायचं नाही, 'तुमचे शेजारी कुणाला देतील' असं विचारायचं, म्हणजे लोक खरं बोलतात. गोष्ट खरी आहे. मेहुण्याने ती वाचली आणि तो थेट आमच्या सोसायटीच्या गेटवर गेला. वॉचमन दरभंग्याचा. छठसाठी त्याच रात्रीच्या गाडीने गावी निघालेला, पिशवीचा बंद बांधत होता. "तुम्हारे पड़ोसी किसको देंगे?" वॉचमनने एकदा साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "जिसको आप बोलें, साहब." मग फरशीवाला, प्लंबर, समोरच्या साइटवरचा मुकादम. एकूण नमुना चार. त्यातला मुकादम गोरखपूरचा निघाला. गोरखपूर उत्तर प्रदेशात आहे, हे मी मेहुण्याला सांगितलं. "ट्रेंड तोच असतो, दाजी."

मतमोजणीच्या दिवशी रजा टाका. १४ नोव्हेंबर, शुक्रवार, आठ वाजता मोजणी सुरू. साडेनऊला आमचा शेअर गडगडायला लागला, मी फोन केला, तर म्हणे पोस्टल मतं आहेत, होल्ड करा. अकराला फोन केला, तर म्हणे सीमांचलच्या, म्हणजे बिहारच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, फेऱ्या बाकी आहेत, होल्ड करा. दुपारी होल्ड करायलाही काही उरलं नव्हतं. भाजप ८९, नितीशकुमारांचा जदयू ८५, राजद २५.

आणि आता सर्वांत मोलाचा सल्ला: हरलात तरी हरलो म्हणू नका. संध्याकाळी मेहुण्याचा मेसेज आला, "दाजी, मतांमध्ये राजद पहिला आहे!!!" तीन उद्गारचिन्हं. मी पाहिलं, तर खरंच. राजदला २३ टक्के, भाजपला २०, जदयूला १९. अरे, पण राजद लढला १४३ जागा आणि ते दोघं प्रत्येकी १०१. जास्त दुकानं उघडली की गल्ला जास्त दिसणारच! आणि नियमात जागा म्हटलंय, मतं नव्हे, तो नियम वाचायला तुला बहिणीने ओवाळलं तेव्हा वेळ नव्हता का? बरं, मतांवर जायचं तर आपल्याकडची २०२४ ची विधानसभा घे. मतांत काँग्रेस दुसरी, १२.४२ टक्के. शिंद्यांची शिवसेना १२.३८. आणि जागा? शिंदे ५७, काँग्रेस १६. मतांत दुसरा तो जागांत पाचवा! शरद पवारांना अजित पवारांपेक्षा मतं जास्त, जागा १० विरुद्ध ४१. म्हणजे कोण कितवा येणार हे निम्मं ठरतं ते कुठल्या तरी हॉटेलात रात्री दोन वाजता, जागावाटपाच्या टेबलावर. तिथे काय झालं ते ना मला ठाऊक, ना तुला, ना त्या गोरखपूरच्या मुकादमाला.

आणि समजा, बरोबर ओळखला नंबर. पुढे काय? बिहारमध्ये २०२० ला राजद पहिला, भाजप दुसरा, जदयू ४३ जागा घेऊन तिसरा, आणि मुख्यमंत्री तिसऱ्याचे, नितीशकुमार. नंतर त्यांनी दोनदा जोडीदार बदलले, खुर्ची तीच. आपल्याकडे २०१९ ला १०५ वाला पहिला. त्याची पहाटेची शपथ चार दिवसही टिकली नाही, मुख्यमंत्री झाला ५६ वाला. मग त्या दुसऱ्याचे दोन झाले. मग तिसऱ्याचेही दोन झाले. रेसकोर्सवर निदान अर्ध्या वाटेत एका घोड्याचे दोन घोडे होत नाहीत रे! आणि जॉकी एका घोड्यावरून उडी मारून दुसऱ्यावर बसला तर स्ट्यूअर्ड, म्हणजे रेसचे पंच, त्याला बाहेर काढतात. इथे त्याला खातं मिळतं. असल्या मैदानात 'दुसरा कोण' याचा भाव सेंटांत काढायचा आणि वर त्याला समूहाचं शहाणपण म्हणायचं!

माझंच सांगतो, लाज वाटते तरी. त्या शुक्रवारी एक राज्य पुढच्या पाच वर्षांसाठी कुणाच्या हातात जातंय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. राजद हरतोय याचं मला सुखदुःख नव्हतं, जदयू जिंकतोय याचंही नव्हतं. मला फक्त दोघांची अदलाबदल हवी होती.

पुढच्या आठवड्यात वॉचमन परत आला. जाताना दानापूर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात संडासाच्या दारापाशी बसून गेला होता, येतानाही तसाच. छठनंतर ६ तारखेच्या मतदानासाठी थांबला, तेवढ्या दिवसांचा पगार एजन्सीने कापला. कागदात बांधून ठेकुआ, छठचा प्रसाद, आणला होता, तो देताना डाव्या हाताच्या बोटावर शाई दिसली, नखाशी अजून काळी होती. मी विचारलं नाही कुणाला दिलं म्हणून. शेजाऱ्यांचंही नाही विचारलं.

आणि आमचा अभ्यासू मेहुणा? २०२४ ला, २० नोव्हेंबरला, बुधवारी आपलं मतदान होतं. याने गुरुवार-शुक्रवार रजा जोडली आणि बायकापोरांना घेऊन तारकर्ली गाठली. त्याआधी लोकसभेला कोथरूडच्या यादीत नाव सापडलं नाही म्हणून केंद्रावरून परत आला होता, ते नाव अजून शोधलेलं नाही. ज्याला स्वतःचं नाव यादीत कितव्या पानावर आहे ते सांगता येत नाही, तो दरभंग्यात कोण कितवा येणार ते सांगतो! तुम्ही हसू नका. तुमच्या ग्रुपवरही आहेत असे, तुमच्या घरातही आहेत, आणि बोटं दाखवा म्हटलं तर तुमच्यातलेही निम्मे हात खिशात जातील.

काल पुन्हा मेसेज आलाय: "दाजी, आता तमिळनाडू. तिसरा कोण? भाव स्वस्त आहे."

अरे गाढवा, आधी यादीत नाव घाल. आणि पुढच्या भाऊबीजेला ताटात दोन नाही, चौदा हजार टाक.