मधुमेह घरोघरी पोहोचवायचाय? काही सोप्या सूचना

आपल्या वसाहतीत मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार सगळ्यांना सारखे वाटून मिळावेत अशी तुमची मनापासून इच्छा असेल, तर आमच्या समितीकडून शिका. गेल्या रविवारी आमच्याकडे आरोग्य शिबिर झालं. बोट टोचून साखर तपासली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, 'रोज चाला' असं छापलेलं पत्रक हातात दिलं. बाहेर पडताना प्रत्येकाला गारेगार शीतपेय, तेही साखर मोजून झाल्यावर! मांडव कुठे घातला होता म्हणाल, तर आम्ही पंधरा-वीस जण रोज सकाळी चालायचो त्याच वाटेवर. सोमवारी मांडव उतरला आणि मंगळवारी तिथे पार्किंगचे पांढरे पट्टे.

तेव्हा पहिली सूचना हीच, की पत्रक वाटा आणि वाट काढून घ्या.

जिन्यात जुनी कपाटं, मोडक्या खुर्च्या रचून ठेवा. 1953 साली जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकांनी उगाच घोळ घालून ठेवलाय. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे जिना मोकळा ठेवणं धोक्याचंच.

मीठ सढळ हाताने. डॉक्टर सांगतात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक छोटा चमचासुद्धा भरत नाही, त्यात कुणाचं भागतं?

फळं-भाज्या कार्यक्रमात ठेवू नका, माणसं कंजूष म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी आजारी पडलं की 'मनावर ताबा नाही हो यांचा' असं म्हणायला शिका. ही युक्ती फार उपयोगी. बैठकीत मी वाट परत मागितली तेव्हा एक गृहस्थ हसून म्हणाले, "चालायचंच आहे ना, मग घरात ट्रेडमिल घ्या." टाळ्या पडायच्या तेवढ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुडघे धरून त्या वाटेवर दहा फेऱ्या मारायचे. मोजायला डाव्या खिशात दहा खडे, फेरी झाली की एक उजव्या खिशात. त्यांनी ट्रेडमिल कुठे ठेवायचं, कपाटावर? आठवड्याला दीडशे मिनिटं जरा भरभर चालावं एवढंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला वीस-बावीस मिनिटं. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि तेही फुकट. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 साली आले. थोडं वजन उतरवणं, आहार सांभाळणं आणि हीच दीडशे मिनिटं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने 31 टक्क्यांनी. गोळीला हरवणारी गोष्ट आमच्या दारात होती, आणि आम्ही तिच्यावर पट्टे मारले!

उपरोध गेला खड्ड्यात. सरळच बोलतो.

फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया प्रांतात पुरुष ऐन कामाच्या वयात हृदयविकाराने मरत होते. 1972 मध्ये तिथे काम सुरू झालं. त्यांनी नुसती पत्रकं वाटली नाहीत. दुग्धव्यवसायापासून सॉसेज बनवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं, चरबी आणि मीठ कमी केलं, धूम्रपानाच्या मागे लागले, गृहिणींच्या मंडळांना स्वयंपाक बदलायला बरोबर घेतलं. चाळीसेक वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. त्या सगळ्यांचा मनावरचा ताबा काय एकदम वाढला होता? भोवतालचं ताट आणि दुकान बदललं म्हणून माणसं बदलली.

आणि समितीवाल्यांनो, तुम्ही? एकच वाट होती, तीही तुम्हाला दोन जास्तीच्या गाड्यांपेक्षा मोठी वाटली नाही. वर शिबिराचे फोटो पाठवून स्वतःची पाठ थोपटून घेताय. लाज वाटू द्या जरा. परवा आजोबा बाकावर बसलेले दिसले. दहाच्या दहा खडे डाव्या खिशात. काढा त्या गाड्या.