“पाण्यासारखं पातळ ऑइल घालून फसवलं” या रिव्ह्यूला गाड्यांच्या गॅरेज मालकाचं उत्तर

नमस्कार सर. शनिवारी तुम्हाला दीड तास थांबावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. अपॉइंटमेंट नव्हती आणि दोन्ही लिफ्टवर आधीच्या गाड्या होत्या, पण तुमचा वेळ गेला हे खरंच.

मात्र “५डब्ल्यू-४० सांगितलं असताना पाण्यासारखं ०डब्ल्यू-२० घालून फसवलं” हे वाचून फार लागलं. हे आकडे म्हणजे इंजिन ऑइलचा ग्रेड, किती पातळ-जाड ते. तुमच्या १.२ लिटर पेट्रोल गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० छापलेलं आहे. ते पान काउंटरवर उघडून दाखवलं, तुम्ही हो म्हणालात, मगच डब्याचं सील तोडलं.

आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइलच लागतं, असं तुम्ही लिहिलंय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त थंडीतला. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्याला त्याचं फार काही नाही. बघायचा तो मागचा आकडा, आणि तो मोजतात १०० अंशांना, कारण गरम झालेल्या इंजिनात ऑइल त्याच्याच आसपास असतं. बाहेर नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, थर्मोस्टॅटमुळे आत फार फरक पडत नाही. तिथे २० ग्रेड ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकमध्ये (जाडपणा मोजायचं एकक) बसतं, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे २० पातळ आहेच, पातळच हवं. तुमच्या इंजिनाचे बेअरिंग क्लिअरन्स, ऑइल पंप, व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) बारीक वाटा त्याच हिशोबाने केल्यात. ४० घातलं म्हणून इंजिन लगेच बसणार नाही, पण सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) उशिरा पोचतं, व्हीव्हीटी सुस्तावते आणि ॲव्हरेज पडतं. शिवाय गाडी वॉरंटीत आहे. उद्या क्लेम अडला असता तर तुम्ही आमच्याकडेच आला असता, आणि ते बरोबरच होतं.

५डब्ल्यू-४० आम्हीही घालतो, पण ज्या गाडीला कंपनीने सांगितलंय तिला. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला तर नुसता ग्रेड जुळूनही भागत नाही. कमी राख सोडणारं, म्हणजे एसीईए सी३ सारखं (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं) स्पेसिफिकेशन बघावं लागतं, नाहीतर ऑइलच्या राखेने फिल्टर चोंदतो.

ऑइल ५०० किलोमीटरमध्ये काळपट झालं म्हणून ते डुप्लिकेट ठरत नाही. ड्रेन बोल्ट काढून पूर्ण निथळलं तरी इंजिनातल्या ऑइलच्या वाटांमध्ये थोडं जुनं ऑइल राहतंच, आणि नव्यातलं डिटर्जंट जुनी घाण सोडवून स्वतःत धरून ठेवतं. डिपस्टिकवर लेव्हल आपोआप वाढली, पेट्रोलचा वास आला किंवा दुधाळ रंग दिसला, तर मात्र गाडी लगेच आणा.

दराबद्दल. ऑनलाइन ज्या डब्याचा भाव तुम्ही दिलाय तो ३ लिटरचा. तुमच्या इंजिनात फिल्टरसकट ३.१ लिटर बसतं, म्हणून साडेतीनचा घ्यावा लागला. उरलेलं ऑइल आम्ही ठेवून घेतलं नाही. तो डबा झाकण घट्ट लावून तुमच्या डिकीत स्टेपनीशेजारी ठेवलाय, कृपया एकदा बघा. बिलातला २५ रुपयांचा वॉशर ड्रेन बोल्टचा आहे. जुनाच दाबून बसवला की तिथून ऑइल पाझरू शकतं, म्हणून तो दर वेळी बदलतो.

शनिवारच्या गर्दीचं काहीतरी करतोय, काउंटरवर ग्रेडप्रमाणे दरही लावू. वाट बघावी लागली म्हणून एक स्टार दिलात, तो राहू द्या. पण हे वाचून गिऱ्हाईक परत फिरतं आणि चार पोरांचे पगार याच कामावर आहेत, म्हणून डबा बघितल्यावर तेवढं “फसवलं” काढता आलं तर बघा, ही विनंती.