नळातून मिळणारी ‘फुकटची गोळी’

‘धरणाच्या पाण्यात अँटिबायोटिक उतरले आहे. रोज दोन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात एक पूर्ण गोळी जाते, म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स दिला तरी दोन दिवस पुरेत. पाणी वीस मिनिटे उकळून, तुरटी फिरवून, तांब्याच्या भांड्यात ठेवले की औषध नष्ट होते. खात्री हवी असल्यास घरी ओझोनचे यंत्र बसवावे.’ अशा आशयाचा संदेश सध्या गोव्यातल्या बहुतेक कौटुंबिक गटांत फिरत आहे. पाण्याला औषध माना आणि त्यातले औषध काढूनही टाका, हे दोन्ही सल्ले एकाच दमात देणाऱ्यावर वेळ घालवावा असे वाटत नव्हते. परंतु फोंड्याला राहणाऱ्या माझ्या आत्याने तो वाचून मूत्रमार्गाच्या संसर्गावरच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी थांबवल्या आणि आठवड्याच्या आत ताप उलटला, तेव्हा लिहिणे भाग पडले.

प्रथम गोळीचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली पिण्याच्या पाण्यातील औषधांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार शुद्धीकरण झालेल्या पाण्यात औषधांचे अंश साधारणपणे लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असतात. तेवढे धरले तरी दोन लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम झाले. नेहमीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ५,००,००० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे एका गोळीइतके औषध नळातून मिळण्यास १३,००० वर्षांहून अधिक काळ लागेल. हे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या मोजणीवरून आलेले आहेत, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो रास्तच आहे. मग आपल्याकडचे प्रमाण शंभरपट धरावे, तरीही एका गोळीला १३० वर्षांहून अधिक लागतात. शिवाय फोंड्याचे पाणी मुख्यतः खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येते, पण संदेश लिहिणाऱ्याकडून इतक्या तपशिलाची अपेक्षा कशी करावी!

‘दोन दिवस पुरेत’ हे वाक्य या संदेशातले सर्वांत घातक वाक्य आहे. संसर्गाच्या जागी औषधाची ठरावीक मात्रा ठरावीक काळ टिकली तरच जिवाणू आटोक्यात येतात, आणि ती मात्रा पाण्यातल्या अंशांच्या लाखो पटींनी मोठी असते. कोणत्या आजारात कोर्स किती दिवसांचा असावा याविषयी वैद्यकशास्त्रात मतांतरे आहेत आणि काही आजारांत पूर्वीपेक्षा लहान कोर्स दिले जातात, हे खरे आहे. पण तो निर्णय रुग्णाचा आजार पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो, नळाकडे बोट दाखवून घरच्या घरी घ्यायचा नसतो. लघवीची जळजळ थांबली म्हणजे जिवाणू संपले असे होत नाही. उरलेले पुन्हा वाढतात, आणि मग पुढचे, अधिक तीव्र औषध द्यावे लागते.

उकळणे, तुरटी आणि तांबे यांचे उत्तर थोडक्यात देता येते. उकळल्याने जिवाणू मरतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे अँटिबायोटिक मात्र त्या उष्णतेला दाद देत नाही, उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते किंचित दाटच होते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले औषध बहुतांशी तसेच राहते. तांब्याच्या भांड्यात काही जिवाणू मरतात, परंतु औषध पाण्यातून बाहेर जाण्याचा तो मार्ग नव्हे.

ओझोनविषयी अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. ओझोन, सक्रिय कोळसा आणि आरओचे पडदे यांनी असे अंश पुष्कळ प्रमाणात काढता येतात. मात्र ओझोन औषधाचा रेणू तोडतो, त्याचे तुकडे पाण्यातच राहतात. म्हणून मोठ्या प्रकल्पांत मात्रा आणि संपर्काचा वेळ मोजून ओझोन देतात आणि त्यानंतर बहुधा वाळूचा किंवा कोळशाचा थर ठेवतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बुडबुडे सोडणाऱ्या डबीत यातले काहीच मोजले जात नाही. आरओ औषध अडवते हे खरे, पण नष्ट करत नाही. अडवलेले सगळे वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर मोरीतून पुन्हा सांडपाण्यात जाते.

खरा प्रश्न त्या सांडपाण्यातच आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. नळाच्या पाण्यासाठी वर धरलेल्या आकड्याच्या ते सहा लाख पट आहे, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू अशा ठिकाणी पोसले जातात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांवर सूक्ष्म प्रदूषके काढण्याचा टप्पा कायद्याने आणला, तोही ओझोन किंवा कोळसा वापरूनच. आपल्याकडे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील अँटिबायोटिकला मर्यादा घालणारा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढला होता; ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गाळलेल्या होत्या.